कस नसलेलं दूध

लाल घड्याळ किर्र करून वाजलं आणि आत्या स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

“चला, बाजू बदला.”

“अजून पितेय ती,” भाची म्हणाली.

“पितेय कुठली. आता नुसते लाड चाललेत.” आत्या वाकली, करंगळी सराईतपणे बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवली आणि बाटलीचं बूच काढावं तसं तिला छातीपासून सोडवलं. बाळाने क्षणभर विचार केला आणि मग सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असा सूर लावला.

“मॅनेजर चिडल्या,” आतल्या खोलीतून नवरा म्हणाला. मुलीला तो मॅनेजर म्हणायचा, कारण तिने आवाज चढवला की घरातली सगळी माणसं काहीतरी करत असल्यासारखी धावायला लागायची.

“चिडू दे,” आत्या म्हणाली. “आत्ता शिस्त लागली तर लागली. नाहीतर उद्या हीच तुम्हा दोघांना नाचवेल.”

घड्याळ आत्याने येताना बॅगेतून आणलं होतं. अंडी उकडताना लावतात तसलं, पिळून किल्ली द्यायचं. एका बाजूला दहा मिनिटं, दुसऱ्या बाजूला दहा मिनिटं, मग खांद्यावर घेऊन ढेकर, मग पुढची पाळी येईपर्यंत तोंड बंद. आत्याची उभी हयात एका बालगृहात गेली होती. टाकून दिलेली, आईबाप नसलेली तान्ही मुलं ओळीने तिच्या हाताखालून गेली आणि ती सगळी घड्याळावर वाढली. स्वतःला मूलबाळ नव्हतं, पण मुलांच्या बाबतीत तिला टोकायची कोणाची टाप नव्हती. निवृत्त झाली तेव्हा तिथल्या बायकांनी तिला हे घड्याळच भेट दिलं होतं.

“तुझ्या आईलाही मीच वेळापत्रक लावून दिलं होतं,” ती सांगायची, आणि सांगताना तिचा चेहरा उजळायचा. “वहिनी भाबडी. तुला दिवसभर छातीशी धरून बसायची. वेणीफणी नाही, जेवणाचा पत्ता नाही. मी रजा काढून आले तेव्हा कुठे घर रुळावर आलं.”

भाची ऐकून घ्यायची. बोलायला तोंड होतं, हक्क नव्हता. ती सात महिन्यांची गरोदर असताना तिची आई गेली. दुकानात उभ्या उभ्या, हृदयाच्या झटक्याने. बाबा त्याआधी कितीतरी वर्षं गेलेले. माहेरचं म्हणून उरलं होतं ते हे एवढंच माणूस, आणि ते बाळ झाल्याचा निरोप मिळताच बॅग भरून आलं होतं, न बोलावता. अशा माणसावर चिडायचं कसं? तिने राग गिळला. दिवसातून आठ-दहा वेळा गिळला. बाळाने दूध गिळलं नसेल इतका तिने गिळला.

शिवाय राग काही एकट्या आत्यावर नव्हता. मूल झाल्यापासून ज्याला तोंड आहे त्या प्रत्येकाला तिच्या छातीबद्दल मत होतं. वरच्या मजल्यावरची बाई, जिने आजवर जिन्यात कधी मान हलवून ओळख दाखवली नव्हती, ती दारात उभी राहून “उजवीकडून जास्त येतं का डावीकडून?” असं विचारून गेली. नवऱ्याच्या मावशीने फोनवर सांगितलं, भरपूर पाणी पी. नवऱ्याच्या काकूने सांगितलं, पाणी अगदी कमी पी, दूध पातळ होतं. ऑफिसातल्या कोणाची तरी बायको रोज एक व्हिडिओ पाठवायची, ज्यात स्वच्छ केसांची एक बाई स्वच्छ सोफ्यावर बसून हसत हसत पाजत असायची. आनंदी राहा म्हणजे दूध येतं, असं ती बाई सांगायची. भाची तो व्हिडिओ दात आवळून बघायची.

“तू जरा शांत राहिलीस ना,” नवरा म्हणाला, “तर कदाचित…”

“कदाचित काय?”

“काही नाही,” तो म्हणाला. शहाणा होता.

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी दवाखान्यात वजन केलं. नर्सने बाळाला थंड तव्यावर ठेवावं तसं काट्यावर ठेवलं, आकडा बघितला, मागचा आकडा बघितला आणि सरळ डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टर लिहिता लिहिता बोलत होते.

“वाढ नाही म्हणावी तशी. दूध पुरत नाहीये. वरचं सुरू करा.”

“भरपूर येतं हो,” ती म्हणाली. “कपडे भिजतात माझे.”

“मग कस नसेल,” डॉक्टर म्हणाले आणि पावडरच्या डब्याचं नाव लिहून कागद पुढे सरकवला. “पुढचे पेशंट.”

कस नसेल. हा शब्द तिने आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरांच्या तोंडून ऐकला नव्हता. तो तिच्या आईचा शब्द होता.

आई एका बटणांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. गिऱ्हाइकाने कोटाचं एक बटण समोर ठेवलं की नुसतं बघून पाठीमागच्या शेकडो खणांतला नेमका खण ओढायची. त्या कामात तिला कधी शंका यायची नाही. पण लेकीला शाळेत चष्मा लागला तेव्हा ती म्हणाली, माझ्यामुळे, माझ्या दुधात कसच नव्हता. लेक जिन्यावरून पडून मनगट मोडून आली तेव्हा म्हणाली, हाडं कच्ची राहिली, माझंच दूध. सर्दी झाली, दूध. उंची राहिली, दूध. लेकीने पुढे दूधशास्त्राचा अभ्यासक्रम घेतला आणि डेअरीच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली तेव्हा हसली आणि म्हणाली, “मी दिलं नाही म्हणून दुधाच्याच मागे लागलीस.” लेकही हसली होती. घरातला जुना विनोद होता तो. आणि अगदी शेवटच्या भेटीत, निघताना लेकीच्या पोटावर हात ठेवून आई म्हणाली, “तुला तरी चांगलं येऊ दे. माझ्यावर जाऊ नकोस.”

बसमध्ये आत्याने बाळाला मांडीवर घेतलं आणि हलकेच म्हणाली, “मला वाटलंच होतं. वहिनीचंही असंच. धारा मोठ्या, पण नुसतं पाणी.”

“तुला कसं कळलं पाणी आहे ते?”

“दिसतं की. निळसर दिसतं.”

खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, “दिसण्यावरून दुधाचं काही ठरत नाही, आत्या. मोजावं लागतं.”

“मग मोज,” आत्या म्हणाली. तिच्या मनात टोमणा नव्हता. पण ते शब्द भाचीच्या डोक्यात कुसळासारखे रुतून बसले.

ती खरंच मोजायला गेली. आता हे दुसऱ्या कुठल्या बाईला सुचलं नसतं, आणि सुचलं तरी जमलं नसतं. सकाळी आंघोळीच्या वेळी छाती दगडासारखी भरलेली होती. तिने नमुन्याची छोटी बाटली खाली धरली आणि नुसतं दाबलं. बाटली बघता बघता भरली. बाळाची पाळी त्यानंतर होती, म्हणजे बाळाच्या वाट्याचं काही कमी झालं नाही, असाही तिने विचार केला. बाटली पर्समध्ये ठेवली आणि रजेवर असतानाही, सहज भेटायला म्हणून, डेअरीत गेली.

जेवणाची सुट्टी होती. प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. वाफेचा आणि धुण्याच्या सोड्याचा तो ओळखीचा वास नाकात गेला आणि तिला पहिल्यांदाच बरं वाटलं. इथे कोणी मत देत नाही, इथे मोजतात. टेबलावरचं मशीन गाईच्या दुधावर बसवलेलं होतं, त्यावर तिचा भरवसा नव्हता. तिने जुनी पद्धत घेतली. जाड काचेच्या नळीत आम्ल, त्यावर हळूच दूध, वर बूच. पांढरं दूध आम्लात शिरलं की चॉकलेटी होतं, मग काळपट, आणि नळी हाताला चटका देण्याइतकी तापते. दुधातलं बाकी सगळं जळून जातं, तेवढी फॅट उरते. हे तिने हजारो वेळा केलं होतं. आज तिला ते बघवेना. नळी तिने फिरत्या यंत्रात ठेवली, मग गरम पाण्यात, मग उजेडाकडे धरली.

दीड टक्का फॅट.

गाईच्या दुधाचा टँकर असा आला असता तर तिने तो फाटकातूनच परत पाठवला असता, वर ड्रायव्हरला विचारलं असतं की पाणी कुठल्या नळाचं घातलंस. ती काटेकोर होती; तिने दुसरी नळी लावली. त्याच बाटलीतलं उरलेलं दूध. पुन्हा दीड.

तिने दोन्ही नळ्या धुतल्या, पालथ्या ठेवल्या, दिवा बंद केला. बसमध्ये ती रडली नाही. घरी आल्यावर नवऱ्याला आकडा सांगितला. तो एका कंपनीत हिशेब तपासायचा. आकड्यापुढे मान तुकवायची त्याला सवय होती.

“दोनदा बघितलंस?”

“दोनदा.”

“मग आता डोक्याला त्रास कशाला करून घेतेस? डबा आणतो मी.”

आणि आत्याने तिला जवळ घेतलं. हे सगळ्यांत वाईट होतं. आत्याने तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “त्यात रडायचं काय, वेडे? तुम्हा मायलेकींच्या दुधातच नाही कस. तुझा काय दोष? तू बाटलीवरच मोठी झालीस, काय कमी पडलं तुला?” आणि भाचीच्या मनात त्या क्षणी एवढंच आलं की आईचं खरं होतं.

डबा आला. बाटल्या आल्या, बुचं आली, ब्रश आला. बाळ बाटलीतलं दूध घटाघट प्यायलं आणि वजन चढलं. घर शांत झालं. वरच्या मजल्यावरची बाई म्हणाली, आता कशी दिसतेय. आत्या तर दहा वर्षांनी लहान झाली. बाटल्या हे तिचं राज्य होतं. छातीला लावायचं ते सकाळ-संध्याकाळ, तेही सवयीपुरतं. हळूहळू भाचीचे कपडे भिजायचे थांबले. तिला वाटलं होतं सुटल्यासारखं वाटेल. तसं काही वाटलं नाही.

मग रजा संपली आणि ती अर्ध्या दिवसाच्या कामावर रुजू झाली.

त्या दिवशी एकामागे एक टँकर लागले होते आणि फाटकाबाहेर हॉर्न वाजत होते. तिच्या सोबतीने काम करणाऱ्या बाईला सगळे मास्तरीण म्हणायचे, कारण ती ड्रायव्हरलासुद्धा शुद्धलेखन शिकवायची. मास्तरीण टँकरकडून आली, नमुना मशीनला लावून आकडा बघितला आणि म्हणाली, “ह्याची फॅट ढासळलीये. परत पाठवते.”

“ढवळणी किती वेळ चालवलीस?”

“ढवळणी कुठली? लाइन बघितलीस का बाहेर? खालच्या नळातून घेतला आणि आले.”

“आणि ह्या नमुन्यावर तू अख्खा टँकर नापास करणार?”

“आकडा खोटा आहे का?”

“आकडा खरा आहे, नमुना खोटा आहे. साय वर बसलीये त्याची. तू तळाचं पाणचट घेतलंस. सगळं ढवळून घेतल्याशिवाय त्या दुधाबद्दल तुला काय…”

ती थांबली.

“काय मला?” मास्तरीण म्हणाली. “बोल की. अगं, बरं वाटत नाहीये का?”

तिने बाजूचं स्टूल ओढलं आणि बसली. अभ्यासक्रमाच्या पहिल्याच वर्षी त्यांना गोठ्यात नेलं होतं. शिकवणाऱ्या बाईंनी धार काढायला लावली होती, आणि सुरुवातीची धार एका पेल्यात, मधली दुसऱ्यात, शेवटची तिसऱ्यात घ्यायला सांगितली होती. तिन्ही पेले ओळीने ठेवले. पहिल्यातलं निळसर, पातळ. शेवटच्यातलं दाट, पिवळट, पेल्याच्या कडेला चिकटणारं. एकाच जनावराचं, एकाच वेळचं दूध. जो घाईने शेवटच्या धारा सोडून उठतो तो साय गोठ्यातच ठेवून येतो, असं बाईंनी सांगितलं होतं. हा प्रश्न परीक्षेत आला होता. तिने तो सोडवला होता.

आणि तिने स्वतःचं काय मोजलं होतं? दगडासारख्या भरलेल्या छातीतली पहिली बाटलीभर धार. दोनदा.

“टँकर परत पाठवू नकोस,” ती म्हणाली. “ढवळ आणि पुन्हा घे.” मग उरलेला वेळ तिने हात चालवत काढला, पण डोकं दुसरीकडे होतं. ते एक एक गोष्ट उचलून दुसरीशेजारी ठेवत होतं. दहा मिनिटं इकडे. दहा मिनिटं तिकडे. करंगळी. इकडची पातळ धार संपून दाट सुरू व्हायची वेळ आली की किर्र, आणि तिकडची पातळ धार सुरू. पोरीला दोन्हीकडून फक्त वरचं पाणी मिळत होतं. पोट तेवढ्यापुरतं तट्ट, तासाभरात पुन्हा भुकेचा टाहो, वाढ नाही. बाटलीतला पहिला घोट आणि शेवटचा घोट सारखाच असतो. बाटली मध्येच काढून घेतली तर मूल कमी पितं, वेगळं पीत नाही. आत्याचं आयुष्य बाटल्यांत गेलेलं. तिने बाटलीचा कायदा छातीला लावला.

आणि डॉक्टर. आणि नर्स. आणि वरच्या मजल्यावरची बाई, आणि मावशी, काकू, स्वच्छ सोफ्यावरची ती हसरी बाई. किती येतं हे सगळ्यांनी विचारलं होतं. कशी पाजतेस, मूल स्वतःहून सोडतं का तू सोडवतेस, एवढं एक कोणी विचारलं नव्हतं. तिने स्वतःही नाही. राग पायांतून वर चढत होता. बसथांब्यावर पोचेपर्यंत तो छातीपर्यंत आला होता, आणि बसमध्ये, एका शाळकरी मुलीने धक्का लागला म्हणून “सॉरी काकू” म्हटलं तेव्हा, तिला अचानक पुढची गोष्ट दिसली. तुझ्या आईलाही मीच वेळापत्रक लावून दिलं होतं.

म्हणजे दुधामुळे चष्मा नाही. मनगट नाही. उंची नाही. काहीच नाही. तीस-बत्तीस वर्षं एका बाईने काउंटरमागे उभं राहून दुसऱ्यांची बटणं जुळवली आणि मनात धरून ठेवलं की आपण लेकीला पाणी पाजलं.

ती घरात शिरली तेव्हा आत्या खिडकीजवळच्या खुर्चीत बाळाला बाटली देत होती.

“आलीस? हातपाय धू आधी.”

“तिला माझ्याकडे दे.”

“अर्धी झालीये बाटली. पुरी होऊ दे.”

“आत्या, तिला माझ्याकडे दे.”

आवाज चढला नव्हता, पण आत्याने मान वर केली आणि बाळ दिलं. ती पलंगावर भिंतीला टेकून बसली आणि बाळाला छातीला लावलं. बाळाने तोंड लावलं, दोनदा ओढलं, बाटलीसारखं लगेच येईना म्हणून मागे वाकून रडायला लागलं.

“बघ,” आत्या म्हणाली. “नाहीये आता तिथे काही. कशाला छळतेस लेकराला?”

“तू आईला किती मिनिटं लावून दिली होतीस?”

“काय?”

“वेळापत्रक. किती मिनिटं?”

“दहा-दहा. नेहमीचीच. का?”

“आणि दहा मिनिटांनी तूच मला सोडवायचीस? असंच, बोट घालून?”

“वहिनीला जमायचं नाही. तिला दया यायची. म्हणून मीच…” आत्या थांबली. “झालंय काय तुला?”

तिने सांगितलं. तीन पेले सांगितले, टँकर सांगितला, आपली बाटली सांगितली. बाळाच्या रडण्यावरून बोलावं लागत होतं म्हणून शब्द एकेक करून येत होते. आत्या उभी राहून ऐकत होती. हातातली अर्धी बाटली तिने टेबलावर ठेवली नव्हती.

“आम्ही तिथे शेकडो मुलं वाढवली,” शेवटी आत्या म्हणाली.

“बाटलीवर.”

“जगली ना? तू जगलीस ना?”

“मी जगले. मी माझं बोलतच नाहीये. आईचं दूध चांगलं होतं, आत्या. तू ते अर्ध्यात तोडलंस आणि मग तिला सांगितलंस की ते पाणी आहे. आणि तिने ते खरं मानलं. मला साधी सर्दी झाली तरी ती माझी माफी मागायची. तुला माहीत आहे हे? तू आमच्याकडे यायचीस तेव्हा ती तुझ्यासाठी गादी घालायची, आणि मला म्हणायची, आत्याच्या पाया पडलं तरी कमी, तिने तुला वाचवलं.”

“मी वाईटासाठी केलं का?”

“नाही.”

“मग?”

“मग काय? वाईटासाठी केलं असतंस तर बरं झालं असतं. तिला तुझा राग तरी करता आला असता.”

आत्या खुर्चीत बसली. बाळ हुंदके देऊन दमलं होतं आणि पुन्हा तोंड उघडत होतं. तिने छाती हाताने दाबली, एक थेंब आला, तो बाळाच्या ओठाला लावला.

“गेलेल्या माणसाचं आता उगाळून काय होणार आहे?” आत्या हळू आवाजात म्हणाली. “तिला काही कळणार आहे का?”

“तिला सांगता येत नाही म्हणून तुला सांगतेय,” ती म्हणाली. “तू ऐकायचं. उठायचं नाही. ही प्यायली तरी आणि नाही प्यायली तरी.”

आत्या उठली नाही. बाळाने ओढलं, सोडलं, रडलं, पुन्हा ओढलं. त्या दुपारी ते नीट प्यायलं नाही. शेवटी आत्याने बाटली पुढे केली आणि तिने ती घेतली, कारण मूल भुकेलं होतं आणि रागाने मुलांचं पोट भरत नाही. हे तिला कळत होतं आणि त्याचाही तिला राग आला.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. ती बाळाला रडायच्या आधी, झोपेतून चाळवायला लागलं की लगेच घ्यायची. अंगावरचा सदरा काढून उघड्या छातीवर नुसती निजवून ठेवायची. आधी हाताने दाबून थेंब आणायची, म्हणजे पोरीला वाट बघावी लागायची नाही. जास्त ओढलं तर जास्त येतं, हा हिशेब तिला ठाऊक होता, पण तो दिसायला वेळ लागत होता आणि तिच्याकडे धीर नव्हता. बाटलीतली पावडर एकेक चमचा कमी केली. डेअरीतही ती दर सुट्टीत नमुन्यांच्या खोलीचं दार लावून पंपाने दूध काढायची, शेवटच्या थेंबापर्यंत. मास्तरीण दाराबाहेर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “आत महत्त्वाचा नमुना चाललाय. मागाहून या.”

“पण तो दीडचा आकडा?” नवऱ्याने विचारलं.

“आकडा बरोबर होता. मी चुकीचं मोजलं.”

“म्हणजे आपण उगाचच डबा…”

“हो.”

तो म्हणाला, “मी फक्त आकडा विचारला. कसा काढलास हे विचारायला हवं होतं. रोज दुसऱ्यांना तेच विचारतो मी.” तिला वाटलं त्याला माफ करावं. उद्या करू, असं तिने ठरवलं.

जाते असं आत्या दोनदा म्हणाली. “जाऊ नकोस,” भाची म्हणाली. प्रेमाने नाही, अर्धा दिवस मूल सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं. हे दोघींना माहीत होतं आणि दोघींनी ते बोलून दाखवलं नाही.

मग एका सकाळी बाळ डाव्या बाजूला लागलं ते लागलंच. आधी घाईघाईने, मग संथ, घोट ऐकू येईल असं. घोटांमधली अंतरं वाढत गेली. मध्येच थांबलं, तिला वाटलं झालं, तर पुन्हा सुरू. कोणी बोट घातलं नाही. आत्या दारात येऊन उभी राहिली होती आणि तिचे दोन्ही हात पदराखाली होते. मग बाळाचा जबडा सैल झाला, ओठ आपोआप सुटले, मान मागे कलंडली आणि तोंडाच्या कोपऱ्यातून एक पांढरा ओघळ हनुवटीवर आला. डोळे मिटलेले, मूठ उघडी. जन्मल्यापासून पहिल्यांदा पोरीने पोट भरल्यावर स्वतःहून सोडलं होतं.

ती बघत राहिली. आनंद झाला नाही असं नाही. पण आनंदाच्या पाठोपाठ ते आलंच: बटणांच्या दुकानातली एक बाई, मांडीवर मूल, आणि बाजूला बोट पुढे करून उभी असलेली तिची नणंद. आईला हे एकदाही बघायला मिळालं नव्हतं.

“खांद्यावर घेऊ का तिला?” आत्याने विचारलं.

“नको. झोपू दे.”

आणखी काही दिवसांनी पावडरचा डबा बंद झाला. कामावर निघताना ती आदल्या दिवशी काढलेलं दूध आत्याच्या हाती द्यायला लागली. त्या सकाळी फ्रिजमधून बाटली काढली तेव्हा साय वर चढून बसली होती. खाली निळसर पाणचट थर आणि वर बोटभर जाड, लोण्याच्या रंगाची पट्टी. आत्याने बाटली उजेडाकडे धरली. बराच वेळ धरून ठेवली.

“रोज एवढी येते?”

“रोज.”

आत्याच्या ओठांची हालचाल झाली. बाटली तिने दोन्ही हातांत घेतली होती. “वहिनीचंही…” ती म्हणाली.

“ते मला विचारू नकोस.” भाची पर्सची चेन लावत होती, चेन अडकली, तिने ती जोराने ओढली. “भूक लागेल तेव्हा दे, घड्याळ बघू नकोस. कोमट कर, उकळू नकोस. आणि प्यायची थांबली की बाटली काढून घे, संपवायच्या मागे लागू नकोस. कळलं?”

“कळलं.”

“सांग बघू मला.”

आत्या तिच्याहून तीस वर्षांनी मोठी होती. तिने बाटली छातीशी धरली, शाळेत उभं केल्यासारखी सरळ झाली आणि सांगितलं. भूक लागेल तेव्हा. कोमट. थांबली की थांबायचं. एकही शब्द चुकला नाही. भाचीने मान हलवली, दार उघडलं आणि जिना उतरायला लागली. खालच्या पायरीवर पोचली तरी जबडा रागाने आवळलेलाच होता, आणि रस्त्यावर लोक होते, ओरडता येत नव्हतं, म्हणून तिने चालण्याचा वेग वाढवला.